पाठीवरचा लूम

शुक्रवारी आमच्या टेमघरातले कापड विणायचे लूम बंद असतात आणि मला झोप लागत नाही. जन्मापासून त्या खटखटीतच झोपत आलोय. सगळं शांत झालं की तो दिवस हटकून आठवतो, मला पुरुष आवडतात हे कळल्यावर बापाने घराबाहेर काढलं तो.

माझा जोडीदार माझ्यासोबत राहायला आला, तेव्हा हे त्याच्या लक्षात आलं. एका शुक्रवारी दुपारी मी नुसता कूस बदलत पडलो होतो. त्याने माझ्या पाठीवर बोटांनी लूम चालवायला घेतला. खट, खट, खट, आणि चौथ्या ठोक्याला काहीच नाही. त्याची करंगळी लूममध्ये गेलीय. चारचौघांत तो हात तो खिशातच ठेवतो. ‘एक ठोका चुकतोय रे,’ म्हणणार होतो, पण पडद्यातून ऊन झिरपत होतं, अंग पाण्यावर तरंगल्यासारखं हलकं झालं आणि मी कधी झोपलो ते कळलंच नाही.

शनिवारी सगळे लूम पुन्हा सुरू होतात, एकही ठोका न चुकता. नुसती कटकट! तो ड्युटीवरून आला की मी त्याचा तो हात खिशातून ओढून काढतो आणि माझ्या पाठीवर ठेवतो.