बाबांच्या गाण्याची चाल

बाबांनी चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी एक गाणं रचलं होतं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. अंबरपेठेतल्या आमच्या बस्तीत ते दरवर्षी तेच म्हणायचे आणि मागे साथीला मी. गळ्याच्या ऑपरेशनानंतर त्यांचा आवाज गेला, नुसती घरघर उरली. तेव्हा गाणं माझ्याकडे आलं.

त्याच सुमारास मी काचीगुड्याला गाण्याच्या क्लासला जाऊ लागले होते. ऑफिस सुटलं की तिथे बसून भजनं घोटायची. त्यातलं एक बाबांच्या गाण्याच्याच ठेक्यात होतं. मला ते फार आवडायचं.

जयंतीला स्टेजवर उभी राहिले. ध्रुपद नीट झालं. कडव्यावर आले आणि सूर आपोआप दुसरीकडे वळला. मला पत्ताच नाही. पुढच्या रांगेतले बाबा मधेच उठून निघाले, तेव्हा कळलं.

घरी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, हे बाबांचं नव्हतंच. क्लासमधलं काहीतरी होतं."

"मग तू म्हणून दाखव."

"मला कुठे गाता येतं? तुला दिलं होतं त्यांनी."

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. तसेच घोगऱ्या आवाजात पुटपुटले, "वाट लावलीस गाण्याची."

मी क्लास सोडला. रोज स्वयंपाक करता करता जुनी चाल शोधायचे. शब्द सगळे यायचे, पण कडव्याला तीच भजनाची उडी. जितकं घोटावं तितकं तेच पक्कं होई. बाबा दारात येऊन हात उडवायचे आणि निघून जायचे. एकदा मी चिडून विचारलं, "सांगा ना मग, कुठे चुकतंय?" ते दातओठ खात बघत राहिले. गाऊन दाखवणार कशाने?

पुढच्या जयंतीला त्यांनी मला विचारलंच नाही. मलकपेठेहून आपला जुना ढोलकीवाला दोस्त बोलावला. त्या काकांनी गाणं म्हटलं, पण चाल भलतीच. ध्रुपदसुद्धा वेगळं, कव्वालीच्या अंगाचं. आता बाबा उठतील म्हणून मी वाट बघत होते. ते मांडीवर ताल धरून डोलत होते.

"हेच," ते म्हणाले.

"अगदी हेच," भाऊही म्हणाला.

"हे नाही," मी म्हणाले.

"मग कसं होतं?" भावाने विचारलं.

मी तोंड उघडलं, तर काकांचंच ध्रुपद बाहेर पडलं. बाबा हसले. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.