कुंकवाखालची ओळ

शोरूममध्ये नव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून एक काका एसीची जाळी शोधत होते. काकूंना दमा, म्हणून हीच गाडी घेतली होती. माहितीपत्रकात ‘मागेही एसी’ असं ठळक छापलं होतं.

"काका, तो वरच्या मॉडेललाच. खाली लिहिलंय," विकणारी मुलगी मान खाली घालून म्हणाली.

काकांनी पत्रक उलगडलं. बुकिंग केल्यापासून ते देवघरात होतं आणि काकूंनी कुंकू नेमकं त्या बारीक ओळीवर लावलं होतं. माझ्या गाडीची वाट बघत शेजारीच बसलेल्या मला राग आला तो मुलीचा नव्हे. ती ओळ मुंगीएवढी करणाऱ्याचा.

"असू दे हो," काकू म्हणाल्या, "काच खाली केली की वारं येतंच."

नारळ फुटला. पहिला पेढा काकूंनी त्या मुलीलाच दिला. ती तो हातात धरून नुसती उभी राहिली.