भरलेले गाल

देऊळघाटचा रहेमतुल्ला बकऱ्यांचा व्यापारी. जनावराच्या पाठीवर गेरूची रेघ मारली का ते कापाले, मानेवर मारली का पाळाले. चाळीस वर्षांत त्याची रेघ चुकली नाही.

साठीत त्याले ताप धरला. कान लालबुंद सुजत, अंगावर चट्टे उठत, रक्त घटे. दोन वर्षं टायफॉइड समजून सलाईनच्या बाटल्या चढल्या. शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरीणबाईनं हाडातला मगज तपासला.

"चाचा, पेशीही तुमच्यासारख्याच खुणा लावतात," ती म्हणाली. "प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण. एका तऱ्हेनं लावली तर ते मोडीत निघतं, दुसऱ्या तऱ्हेनं लावली तर धोक्याचा इशारा पुढे जातो. तुमच्या हाडाच्या मगजात तीच गडबड झालीय. मोडीत जायचं ते तुंबतं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे पहिल्या फळीचे शिपाई, दुश्मन नसताना लढत सुटतात."

"म्हंजे गेरू सरला म्हना."

"गेरू आहे. लावणारा हात लुळा पडलाय."

"माह्या लेकराईले होईन काय?"

"नाही. हा बिघाड जन्माचा नाही, उतारवयातला. पण ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. एक दिवसही. अंगाला त्यांची सवय लागते, एकदम सोडल्या तर जिवावर बेततं."

गोळ्यांनी ताप उतरला. तोंड गोल झालं. आमच्याकडं गाल भरले का माणूस बरा झाला. बाजारात सहदेव भाजीवाला ओरडला, "काय बे रहेमत्या, तब्येत बनवली! बोकड इकून राह्यला का खाऊन राह्यला?"

ती तब्येत नव्हती, गोळ्यांची सूज होती.

घरी बायको ताहेरा गोळी घेऊन आली, तं हा म्हणे, "आता कायले? तोंड पाह्य ना माहं."

"बाईनं बंद नोका करू सांगितलं."

"गोळी बिमाराले असते. मी बिमार हावो काय?"

ताहेरानं तोंड पाहिलं. लग्नापासून असं भरलेलं तिनंही पाहिलं नव्हतं. गोळी तिनं पुडीत परत टाकली.

तीन दिवस तो बाजार हिंडला. चौथ्या दिवशी ओकाऱ्या, फणफणता ताप, हातपाय गार. बुलढाण्याच्या वाटेवर जीपमध्येच गेला.

मयतीत सहदेव म्हणाला, "त्या गोळ्याईनंच खाल्लं त्याले, भाभी."

"चार दिवस गोळ्या कुठं घेतल्या त्यानं?" ताहेरा म्हणाली. "तुम्ही तब्येत बनली म्हनलं, अन् मले बी खरं वाटलं."