मांडीचा इलाज

आमच्या सहा वर्षांच्या मुक्ताच्या पायांचे दोन्ही अंगठे चालताना एकमेकांची खुशाली विचारायचे. त्यात तिला शाळेच्या शर्यतीत पळायचं होतं, आणि पळायला लागली की स्वतःच्याच पायात पाय अडकून धाडकन पडायची! रडून रडून तिचे डोळे सुजले. शेवटी मी खतांचं दुकान बंद ठेवून तिला तलवाड्याहून थेट बीडला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर सांगत होते, "घाबरू नका, बहुतेक मुलांचे पाय वयाबरोबर सरळ होतात. पळू द्या खुशाल." नेमका तेव्हाच मला एका गिऱ्हाईकाचा फोन आला (युरिया आला का, म्हणे!). त्यामुळं पुढचं 'मांडी' आणि 'बसवा' एवढंच कानावर पडलं. मधलं मी पदरचं घातलं.

घरी येऊन जाहीर केलं, "पोरीला मांडीवर बसवायचं. ह्योच इलाज!"

"कुनाच्या?" बायकोनं विचारलं.

"बापाच्या! आनखी कुनाच्या?"

झालं! मुक्ता माझ्या मांडीवर जेवू लागली, मांडीवर पाढे म्हणू लागली. दुकानात बियाण्याची पिशवी मी तिच्या डोक्यावरून द्यायचो. मेहुणीच्या लग्नात वाढपी पंगतीत थबकला, "दाजी, पोरगी लई मोठी झाली की! कावून मांडीवर घेतली?"

"ट्रीटमेंट हाय," मी गंभीरपणे म्हणालो. तोवर माझे पाय कंबरेपासून बधिर झाले होते.

शर्यतीची शिट्टी वाजली आणि मुक्ता सुटली! पाय आतच वळत होते, पण पोरगी पडली नाही. शेवटची दोरी तिच्याच छातीला लागली. पहिली! बायको हुंदके देत होती. मला इतका आनंद झाला, की मी बाकावर चढून ओरडलो, "मांडी माजी! मांडी माजी हाय!" त्या संध्याकाळी गल्लीतल्या झाडून सगळ्या बापांनी आपापली पोरं मांडीवर घेतली.

पेढे घेऊन आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. मुक्ता तिथंही माझ्या मांडीवरच! ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, मांडीवर नाही! मांडी घालून बसवा म्हणालो होतो. ती पाय मागे फाकवून बसते ना, म्हणून! आणि पाय अजून आतच आहेत, होतील हळूहळू. शर्यत जिंकली ती तिची तिनं."

बायकोनं पदर तोंडात कोंबला. मी मुक्ताला खाली उतरवून उठलो, आणि उठताक्षणी माझ्या दोन्ही पायांनी राजीनामा दिला!

मुक्ता पेढा खात बाहेर पळाली. केसपेपर माझ्या नावानं निघाला.