पोतं कालही एवढंच होतं

“पोतं कालही एवढंच होतं.”

गोदामाचा मापाडी हे वाक्य दिवसातून दहादा म्हणायचा, आणि म्हणताना हनुवटी अशी वर करायचा की जगाच्या सुरुवातीला हे ज्ञान पहिल्यांदा त्याच्याच कानात सांगितले गेले असावे.

धान्याच्या त्या गोदामात दारापाशीच त्याचा मोठा काटा होता. आलेले प्रत्येक पोते काट्यावर चढायचे, मापाडी डोळे बारीक करून आकडा बघायचा, मोठ्याने पुकारायचा, आणि मग हमाल ते पाठीवर घेऊन आत थप्पीला लावायचे. मी काट्यापासून चार हातांवर बसून पोत्यांची तोंडे शिवायचो. बावीस वर्षे शिवली. त्यामुळे या माणसाबद्दल मी जे सांगतो आहे ते ऐकीव नाही.

उभ्या आयुष्यात त्याने एक पोते खांद्यावर घेतले नव्हते. पण वजन म्हणजे काय हे आपल्यालाच कळते, अशी त्याची पक्की समजूत. हमाल घाम गाळतात ते त्यांना काही कळत नाही म्हणून, असेही त्याला वाटत असावे. कुणी हमाल नुसता “आज पोतं जड लागतंय” म्हणाला, की मापाडी त्याला थांबवायचा, ते पोते परत काट्यावर ठेवायला लावायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा, “पन्नास! काल किती होतं? पन्नास! मग जड काय झालं? तुझी जीभ!”

एकदा एका हमालाच्या अंगात ताप होता. डोळे लाल, ओठ सुकलेले. मापाड्याने त्याचेही पोते मोजले. तो बिचारा शरमेने खाली मान घालून ते उचलून गेला आणि थप्पीच्या तिसऱ्या पायरीवरून पोत्यासकट खाली आला. आठ दिवस अंथरुणात होता. मापाडी म्हणाला, “मोजलं होतं मी. वजनात काही फरक नव्हता.”

असा हा माणूस. याला स्वतःच्या शरीराचा मोठा गर्व. रोज सकाळी गोदाम उघडण्याआधी मागच्या अंगणात शंभर बैठका मारायचा, आणि आकडे असे ओरडून मोजायचा की पत्र्यावरची कबुतरे उडावीत. मी सुताचे रीळ भिजवत ऐकत बसायचो. बरेच दिवस आकडे ओळीने शंभरापर्यंत जायचे. पण काही दिवस, आदल्या रात्री घरी भांडण झालेले असले, किंवा उकाड्याने डोळा लागलेला नसला, की आवाज बासष्टला यायचा, जरा थांबायचा, आणि पुढचा आकडा यायचा एकाहत्तर. बासष्टनंतर थेट एकाहत्तर! मधले आठ आकडे कुठे गेले हे त्या कबुतरांनाच माहीत. मग तो घाम पुसत पुढच्या दारी यायचा आणि आल्या आल्या कुणाला तरी सांगायचा, “आळस रे, आळस. दुसरं काही नसतं.”

मोजण्यातून जगणाऱ्या माणसाने मोजण्यात चोरी करावी, आणि तीही स्वतःशी, याहून हलकी गोष्ट मी पाहिलेली नाही.

त्याची एक बहीण होती. थोरली. मोठ्या लाँड्रीत कामाला. इस्पितळांच्या आणि लॉजांच्या चादरी तिथे यायच्या. तिची मुलगीही तिथेच लागली होती. एक आठवडा इस्त्रीच्या वाफेत, एक आठवडा घड्या घालायला. या मुलीने अग्निशमन दलात भरती व्हायचे मनावर घेतले. परीक्षा साधी आणि कठोर होती. पन्नास किलोचे वाळूचे पोते खांद्यावर घ्यायचे, शंभर पावले चालायचे, तीस पायऱ्या चढायच्या, आणि हे सगळे दोन मिनिटांच्या आत. संधी एकच. वयाची अट पाहता तिला पुढच्या वर्षी अर्जही करता येणार नव्हता. संधी हुकली की मग आईसारखीच वाफ, आईसारखेच भाजलेले मनगट आणि तीच इस्त्री.

पन्नास किलो म्हटल्यावर मामाचे गोदाम आलेच.

पहाटे ती यायची. थप्पीवर चढायला गोदामात लाकडी जिना होता, मोजून तीस पायऱ्यांचा. मामा हातात घड्याळ घेऊन उभा. आणि हा मामा दुसऱ्या कुणा मामासारखा नुसते घड्याळ धरून गप्प बसणारा नव्हता. तो आधी पोते काट्यावर ठेवायला लावायचा आणि मग भाचीला काट्यावर उभी करायचा.

“पोतं पन्नास. तू चोपन्न. कालही चोपन्न. दोघांत काही बदल नाही. चल, उचल.”

ती उचलायची. काही दिवस पोते तिच्या खांद्यावर पाळलेल्या मांजरासारखे बसायचे. एक मिनिट पन्नास सेकंदांत ती वर. आणि काही दिवस तेच पोते, तोच जिना, पण दहाव्या पायरीला तिचे गुडघे लटपटायचे, श्वास शिट्टीसारखा वाजायचा, आणि वर पोहोचेपर्यंत दोन मिनिटे दहा सेकंद झालेले असायचे.

“मामा, आज पहिल्या पावलापासूनच जड लागलं.”

“पोतं कालही एवढंच होतं.”

“हो, पण मी...”

“तूही कालच्याइतकीच होतीस. मोजलंय मी. अंग नखरे करतं, पोरी. त्याचं ऐकायचं नाही.”

हमालांचा म्हातारा मुकादम एकदा मध्ये पडला. म्हणाला, “भाऊ, पोरीची झोप झाली का विचारा. पोटात काही आहे का बघा.”

“ते काट्यावर दिसतं का?” मापाडी म्हणाला.

“नाही.”

“मग नाहीच ते.”

मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, “सुई नीट धर. भाऊंचं डोकं फाटलं तर शिवावं लागेल.” मापाड्याने ऐकले, पण हनुवटी वर असलेल्या माणसाला खालचे दिसत नाही.

इस्त्रीच्या आठवड्यात एक गंमत झाली. भाची काट्यावर उभी राहिली आणि आकडा आला त्रेपन्न. मापाडी खूश. “बघा! एका दिवसात किलोभर उतरली. अंग हलकं झालं, आता उडेल पोरगी.” आणि त्या दिवशी ती जिन्याच्या मध्यावरच बसली. मापाडी चिडला. हलकी झालेली मुलगी जड कशी चालते, हे त्याच्या काट्यात कुठे बसत नव्हते. म्हणून त्याने नियम काढला की काट्यावर उभे राहण्याआधी पाणी प्यायचे नाही. आकडा वाढतो. आदला दिवसभर वाफेत निथळलेली पोर, तिच्या अंगातून पाणी गेले म्हणून किलोभर कमी भरते आहे, आणि हा शहाणा तिचे पाणी तोडतो! अशी चूक साध्या माणसाच्या हातून होत नाही. त्यासाठी मापाडीच असावे लागते.

मुलगी मात्र मामापेक्षा हुशार निघाली. लाँड्रीत चादरींना बांधायच्या कोऱ्या चिठ्ठ्या असतात. त्यांच्या मागे ती रोजचे लिहू लागली. किती झोप. काय खाल्ले. इस्त्री की घड्या. पाळी आली आहे का. काट्यावर किती. जिन्यावर किती सेकंद, आणि कसे वाटले. एक दिवस ती माझ्याजवळ बसून चिठ्ठ्या सुतात ओवत होती. म्हणाली, “काका, बघा ना. काट्यावर मी कमी भरले, त्या प्रत्येक दिवशी जिन्यावर पोतं जास्त भरलंय.”

“मामाला दाखव.”

“दाखवलं. म्हणाले, कागदाला वजन नसतं.”

आणखी एक गोष्ट तिने शोधली होती. काही दिवस घड्याळात सेकंद तेवढेच यायचे, पण जीव दुप्पट जायचा. तेव्हा आदल्या दिवशी एकतर झोप मोडलेली असायची, नाहीतर लाँड्रीतल्या मुकादमीणबाईंनी दिवसभर डोके खाल्लेले असायचे. आणि सलग सहा दिवस पोते उचलल्यावर सातव्या दिवशी हमखास घसरण. एक दिवस विसावा घेतला की पुन्हा पोते मांजर.

परीक्षेला तीन दिवस उरले. आठवडा नेमका इस्त्रीचा. मापाड्याने हुकूम सोडला, “आता रोज तीनदा. अंगाला सवय लावायची म्हणजे ऐन वेळी दगा देणार नाही.”

भाचीने पोते खाली ठेवले. “नाही मामा. मी आता उचलणार नाही. दोन दिवस झोपणार आहे. कामाची पाळीही बदलून घेतलीय, घड्यांवर.”

माझी सुई थांबली.

“झोपून पोतं उचललं जातं?” मापाडी म्हणाला. “नापास होशील. लिहून ठेव त्या तुझ्या चिठ्ठीवर.”

“ठेवते,” ती म्हणाली, आणि घरी गेली.

तिची आई दुसऱ्या दिवशी डबा द्यायला आली तेव्हा मापाड्याने तक्रार केली. बहीण म्हणाली, “तुझं अंग लोखंडाचं आहे असं तू लहानपणापासून सांगतोस. अंगाचं माहीत नाही, डोकं मात्र आहे.” आणि डबा ठेवून चालती झाली. ते दोन दिवस मापाडी प्रत्येक आकडा चिडून पुकारत होता. झोपलाही नसावा. डोळ्यांखाली काळे आले होते, आणि दोन्ही सकाळी अंगणातला आवाज चाळिसावरच थांबला. पुढे एकाहत्तर म्हणायचीही ताकद नव्हती.

परीक्षेच्या दिवशी गोदामाला सुट्टी होती. मुकादम, मी आणि चार हमाल मैदानावर गेलो. आमच्या मागोमाग मापाडीही पहाटेच आला आणि तेव्हापासून उभाच होता, उपाशी, उन्हात. हातात त्याची लोखंडी मापांची पेटी. वीस किलोची. फाटकातून ती एका हाताने आणताना आम्ही त्याला पाहिले. जणू पेटीत पिसे होती. भाचीने जाता जाता पाण्याची बाटली पुढे केली. त्याने तोंड फिरवले.

तिचा नंबर आला. तिने पोते उचलले. शंभर पावले, मग पायऱ्या. शेवटच्या पाच पायऱ्यांवर तिचे तोंड लाल झाले, पण पाय मोजल्यासारखे पडत राहिले. एक मिनिट सत्तेचाळीस. मुकादमाने टोपी उडवली. तिची आई तोंडावर पदर धरून खाली बसली.

आणि मामा? मामा पेटी घेऊन परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या टेबलाकडे गेला.

“पोत्यात वाळू कमी आहे,” तो म्हणाला.

साहेबांनी वर पाहिले. “कोण तुम्ही?”

“मापाडी. तुमचा काटा तपासू द्या.”

स्वतःची भाची पास झाली, तिचा जन्म वाफेतून सुटला, आणि या माणसाला पडली होती काट्याची! साहेब भला माणूस. म्हणाला, बघा. मापाड्याने एकेक माप काट्यावर ठेवले. वीस. काटा बरोबर. मग शिपायाने पोते आणून ठेवले. पन्नास, वर दोनशे ग्रॅम.

“झालं समाधान? आता ते होतं तिथं नेऊन ठेवा,” साहेब म्हणाले. “शंभर पावलं आहेत. पुढची मुलगी थांबलीय.”

सगळे मैदान बघत होते. मापाड्याने हनुवटी वर केली, वाकला आणि पोते खांद्यावर घेतले. आयुष्यातले पहिले. वीस पावले ऐटीत गेली. तिसाव्याला मान वाकली. पन्नासाव्याला घाम डोळ्यांत उतरला आणि दोन्ही गुडघे एकमेकांशी बोलू लागले. मुकादम मोठ्याने मोजत होता. साठ. एकसष्ट. बासष्ट.

बासष्टला पोते जमिनीवर आले. इथे बासष्टनंतर एकाहत्तर येत नव्हते.

“भाऊ,” मुकादम म्हणाला, “पोतं सकाळीही एवढंच होतं.”

हमाल असे हसले की शिट्टी मारणारा शिपाईही वळून बघू लागला. ज्याचे पोते तापात मोजले होते तो हमाल पुढे झाला, एका झटक्यात पोते उचलून त्याने जागेवर नेऊन ठेवले आणि हात झटकले. मला वाटते, मापाड्याला सगळ्यांत जास्त तेच लागले.

भाची बाटली घेऊन आली. “मामा, पाणी घ्या. सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही. झोपही नाही. म्हणून...”

“त्याचा काही संबंध नाही,” मापाडी धापा टाकत म्हणाला. “वाळू आत सरकते. तोल जातो. पोतं नीट शिवलेलं नाही.”

बावीस वर्षे मी पोती शिवली होती, आणि शेवटी खापर शिवणीवरच आले.

त्याने मापे पेटीत भरली, कडी लावली आणि फाटकाकडे निघाला. दहा पावलांवर पेटी उजव्या हातातून डाव्या हातात गेली. पुढे पुन्हा उजव्या. मग तो दोन्ही हातांनी ती पोटाशी धरून चालू लागला. आम्ही हसत होतो, म्हणून आम्ही नीट पाहिले नाही. भाची मात्र भरलेली बाटली हातात धरून, तो फाटकाबाहेर दिसेनासा होईपर्यंत, हलत्या ओठांनी त्याचे हात बदलणे मोजत उभी होती.