मदरच्या सहा शनिवारांची परीक्षा

व्हॅन झाडताना सीटखाली चकलीचा एखादा तुकडा सापडतोच, आणि त्याला चिकटलेला एक किस्साही. चकली मी टाकून देते. किस्से मात्र टाकता येत नाहीत. त्यात त्या सहा शनिवारांचे तर नाहीतच, कारण त्या सहा शनिवारांत मी नीट जेवले नव्हते.

आधी थोडी पार्श्वभूमी. डब्लिनच्या सँट्री भागातल्या एका ऑफिसात मी ॲपमधल्या बटणांवरचा मजकूर लिहायचे. 'पुढे जा', 'मागे जा', 'पुन्हा प्रयत्न करा'. इतिहासात एम.ए. करून हे! एक दिवस कंटाळून ती नोकरी सोडली आणि डोरूकडे लागले. डोरू रोमानियन आहे. त्याच्याकडे आठ सीटची एक व्हॅन आहे, आणि तीच त्याची कंपनी. मी त्याला म्हटलं, "एअरपोर्टच्या फेऱ्या किती दिवस मारणार? आपण मठांची अर्ध्या दिवसाची टूर काढू. एका वेळी एकच कुटुंब. आधी एक हजार वर्षांपूर्वीचा पडका मठ, मग एक जिवंत मठ. बसभर माणसं नाहीत, सेल्फी नाहीत, घाई नाही."

जिवंत मठ म्हणजे डब्लिनपासून तासाभरावर शेतांमध्ये असलेला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती जोगिणींचा मठ. जुनं फार्महाऊस, शेजारी गोठ्याचं केलेलं चर्च, आणि चार जणी. त्यांच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'मदर' म्हणतात. वय सत्तरीचं, आणि बोलणं मोजून.

आम्ही परवानगी मागायला गेलो तेव्हा मदर म्हणाल्या, "सहा वेळा माणसं आण. सहाव्या वेळी सांगीन, हो की नाही."

परतताना डोरू म्हणाला, "नाही म्हणाल्या तर मी पुन्हा एअरपोर्टला. आणि तू…" त्यानं वायपर लावला. पाऊस नव्हता!

पुण्यात बाबांना मी अजून सँट्रीतल्या नोकरीतच आहे असं वाटत होतं. सहा शनिवार झाले, 'हो' आलं, की सांगायचं असं ठरवलं होतं.

* * *

पहिला शनिवार. डब्लिनच्या टॅला भागातलं एक मराठी कुटुंब, सहा माणसं, त्यात नुकतेच सांगलीहून आलेले आजी-आजोबा. मी दारात थांबून मदरना नमस्कार करत होते, तेवढ्यात मागे सहाही जणांनी पायरीवर बूट काढले. सवयीनं! देवाच्या दारात आपण दुसरं काय करणार? ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बूट काढत नाहीत, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आत दगडी फरशी. बाहेर आयर्लंडचा पाऊस. अर्ध्या तासानं बाहेर आलो तर बुटांमध्ये पाणी साचलेलं.

मदरनी बुटांकडे पाहिलं. मग बाराच्या बारा अनवाणी पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या आत गेल्या आणि विणलेल्या लोकरी मोज्यांचे सहा जोड घेऊन आल्या.

मी ओशाळून 'सॉरी, सॉरी' करत होते. मागून आजोबांनी माझी बाही ओढली.

"बाळ, विचार की जरा. यात नऊ नंबर आहे का?"

* * *

दुसऱ्या शनिवारी मी शहाणी झाले होते. "बूट काढायचे नाहीत" हे व्हॅनमध्ये तीनदा सांगितलं.

पाहुणे होते महाजन काका. मुलगा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, हे स्वतः निवृत्त प्राचार्य. चर्चच्या दाराशी दोन दोरांवर एक लांब लाकडी फळी टांगलेली असते, शेजारी लाकडी हातोडी. प्रार्थनेची वेळ झाली की ती फळी वाजवून सगळ्यांना बोलावतात. मी हे सांगणारच होते. पण काका माझ्यापुढे होते, आणि देवळात शिरताना जे टांगलेलं असेल ते वाजवायचं, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं.

ठक्! ठक्! ठक्! शेवटचा तर चांगला जोर लावून.

बटाट्याच्या वाफ्यात खुरपी पडली. एक सिस्टर चर्चमागून धावत आली, एक जिन्यावरून. मातीचे हात पुसत चौघी रांगेत उभ्या राहिल्या. मदरनी घड्याळ पाहिलं, फळीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. पण बोलावणं आलं की आलं. प्रार्थना सुरू झाली आणि पंचेचाळीस मिनिटं चालली.

मी खांबाला टेकून उभी. मनात एकच: दुसऱ्याच शनिवारी संपलं. आता बाबांना काय सांगू?

काका मात्र शेवटपर्यंत हात जोडून उभे होते. मधेच माझ्या कानाशी झुकले. डोळे भरलेले.

"आपण आलो म्हणून स्पेशल आरती ठेवली बघ. किती अगत्य!"

* * *

तिसऱ्या वेळी नऊ वर्षांची अन्वी होती. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र पक्क्या आयरिश इंग्लिशमध्ये. इथे कुणाही गड्याला 'युअर मॅन' म्हणतात, आपण 'हा बाबा' म्हणतो तसं.

चर्चमध्ये येशूचं मोठं चित्र आहे. सोनेरी, गंभीर, डोळे रोखलेले. मदरनी तिला विचारलं, "तुला यात काय दिसतं?"

मी मनात देवाचा धावा सुरू केला. कुठला देव ते आठवत नाही.

अन्वीनं मान तिरकी करून नीट पाहिलं. "युअर मॅन इज रेजिंग." हा बाबा जाम भडकलाय!

"अन्वी!" तिची आई किंचाळली. "देवाला असं म्हणतात का?"

मदर चित्राजवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग गंभीरपणे म्हणाल्या, "हो. सकाळपासून."

त्या हसल्या की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. डोरू म्हणतो हसल्या. डोरू तेव्हा व्हॅनमध्ये झोपलेला होता.

* * *

हा किस्सा माझ्यावरचा आहे, म्हणून थोडक्यात.

चौथ्या शनिवारी सॉफ्टवेअरमधले चार मित्र आले, नागपूर आणि पुण्याचे. पडक्या मठाशी उतरलो. गवतात भिंती, कललेला क्रॉस, डोक्यावर आभाळ. त्यातला सौरभ म्हणाला, "छप्पर कुठंय?"

"आठशे वर्षांपूर्वी पडलं."

"म्हणजे हे एवढंच? मग रिव्ह्यूत काय लिहू?"

माझं डोकं सणकलं. मी सुरू झाले. आपण जागा बघत नाही, फक्त उरकतो! इथं माणसं मौन पाळायची! मौन म्हणजे काय, तर मौन म्हणजे… मौनावर मी वीस मिनिटं बोलले. डोळे मिटून. वारा सुटला होता, त्यामुळे आवाजही चढवला होता.

डोळे उघडले तर चौघेही व्हॅनमध्ये बसून हीटर शेकत होते. समोर उरली होती एक मेंढी.

डोरूनं दार उघडून दिलं. "मेंढीला आवडलं."

मठात पोचलो तर मदर फाटकातच उभ्या. "अकरा मिनिटं," एवढंच म्हणाल्या, म्हणजे आम्हाला झालेला उशीर. आणि वळून आत गेल्या. त्या रात्री बाबांचा फोन आला, "नोकरी काय म्हणते?" मी म्हटलं, "ग्रँड." इथं सगळं बुडत असलं तरी ग्रँडच म्हणतात.

* * *

पाचव्या शनिवारी पार पश्चिमेकडच्या कासलबारहून देसाई काकू आल्या. सून तिथल्या हॉस्पिटलात नर्स. काकूंच्या हातात तीन पिशव्या. मी म्हटलं, "काकू, खाण्याचं काही न्यायचं नाही हं आत."

"अगं, खाण्याचं नाहीये. प्रसाद आहे!"

मदरसमोर त्यांनी पहिला डबा उघडला. बेसनाचे लाडू, तुपात थबथबलेले. मदरनी हात जोडले. त्यांचा उन्हाळ्यातला उपवास चालू होता. दूध, तूप, अंडी, मांस, सगळं वर्ज्य. मी तसं सांगितलं.

काकूंचा चेहरा उजळला. "उपवास? मग आधी नाही का सांगायचं! माझाही शनिवार आहे!" दुसरा डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी.

"काकू, त्यात तूप…"

"हो की गं." तिसरा डबा. "ही घ्या, उकडलेली रताळी. ह्याला कोण नाही म्हणतंय ते बघते."

रताळ्याला कुणाच्याच धर्मात काही हरकत नव्हती. पण काकूंचं तेवढ्यावर भागेना. पिशवीतून शेंगदाणे निघाले, खजूर निघाला, केळी निघाली, बटाट्याचा चिवडा निघाला. सिस्टर मंडळी भोवती जमली. मी घड्याळ आणि मदरचा चेहरा आळीपाळीनं बघत होते. घड्याळ तरी वाचता येत होतं.

शेवटी मदरनी मला विचारलं, "हिला विचार, तुमच्याकडे उपवासाला एवढं खातात?"

मी विचारलं. काकू लाजल्या.

"अय्या, नाही हो! प्रवासात होते म्हणून कमीच आणलंय."

मदर फाटकापर्यंत आल्या. "पाच," म्हणाल्या. मोजत होत्या तर!

* * *

सहावा शनिवार. आदल्या दिवशी मी एक कागदच छापून घेतला. बूट काढू नका. काहीही वाजवू नका. काहीही खायला देऊ नका. मुलांना आवरा. शांत राहा. या वेळचे पाहुणे म्हणजे टॅलाचा निखिल, त्याची बायको आणि बार्शीजवळच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आलेली त्याची आई, आक्का. व्हॅन निघाल्या निघाल्या मी कागद मोठ्यानं वाचला. दोनदा.

आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "मग जायचं तरी कशापायी?"

पडका मठ बिनबोभाट झाला. दुसऱ्या मठातही बूट पायात राहिले, फळी वाजली नाही. मी चर्चमध्ये चित्रांबद्दल सांगत होते, आवाज अगदी हळू, वाक्यं पाठ. बोलणं संपवून वळले आणि माणसं मोजली.

एक. दोन.

"आक्का कुठायत?"

निखिलनं खिशातून आईचा फोन काढला. "आईला इंग्लिशचा गंध नाही! फोनसुद्धा माझ्याकडे आहे!"

बाग पाहिली. चर्चमागं पाहिलं. कोपऱ्यात एक तळं होतं, तिथं मी आधी पळाले आणि काठावर उभी राहून पाण्याकडे बघायला धीर होईना. डोरू व्हॅन घेऊन रस्त्यावर गेला. बायको निखिलवर ओरडली, "आईंना एकटं सोडलंसच कसं?" निखिल माझ्याकडे बघून ओरडला, "तुमच्या टूरमध्ये माणसं मोजत नाहीत का?" वीस मिनिटं. त्या शांत मठात आम्ही तिघं तीन दिशांना "आई!", "आक्का!" करत होतो.

आता मदरना सांगण्यावाचून इलाज नव्हता. म्हटलं, 'नाही' तर येणारच आहे, निदान माणूस सापडू दे. धापा टाकत मी स्वयंपाकघराचं दार ढकललं.

टेबलाशी मदर बसल्या होत्या. समोर आक्का. मधे मटारच्या शेंगांचा ढीग. आक्कांनी पदर खोचलेला, मदरनी बाह्या सारलेल्या. टप्, टप्, दाणे भांड्यात पडत होते. दोघीही गप्प. आक्कांना मराठीशिवाय भाषा येत नाही, आणि मदरना मराठी सोडून पाच येतात.

"मदर, आय ॲम सो सॉरी, त्यांना माहीत नव्हतं की आत यायचं नसतं, मी नियम वाचून दाखवले होते, माझीच चूक झाली, मोजायला हवं होतं, आज सहावा…"

मदरनी शेंग धरलेला हात वर केला. मी थांबले.

"माणसं आण," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी. तू व्हॅनमध्ये बस."

'हो' आलं होतं. पण हे कसलं 'हो'?

"पण मदर… मग त्यांना आत कोण फिरवणार?"

मदरनी हातातल्या शेंगेनं समोर आक्कांकडे दाखवलं आणि ती सोलायला घेतली.

मी आक्कांजवळ वाकले. हे सगळं त्यांना कुठल्या शब्दांत सांगायचं, ते जुळवत म्हटलं, "आक्का, ह्या मदर काय म्हणतायत माहितीये का? पुढच्या शनिवारी तुम्ही…"

आक्कांनी मान वर केली नाही.

"ठावं हाय. मगाशीच ठरलंय आमचं."