खिळ्यांची भिंत

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक गिरणी कामगार राहायचा. गिरणीत मागाच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते. त्यामुळे ओरडून बोलायचा आणि निम्मं हातांनीच सांगायचा. मला त्याचा त्रासच व्हायचा.

गिरण्यांचा संप लांबला, घराघरातले डबे रिकामे झाले, तेव्हा मजल्यावरच्या बायकांनी सगळ्यांची मिळून एकच चूल ठेवली. पाणी कोणी भरायचं यावरून रोज भांडण. एकीने भिंतीवर खडूने सगळ्यांची नावं आणि कामं लिहिली. मग तर काय, कोणाच्या नावापुढे कमी आहे हेच बघत बसायच्या. चूल मोडायची वेळ आली.

तेव्हा त्या शेजाऱ्याने भिंत पुसून खिळे ठोकले. सकाळी कळशी, विळी, खराटा, बाजाराची पिशवी टांगायचा. त्या दिवशी लागेल तेवढंच. जिला जमेल तिने उचलायचं. खिळ्याला दिसेल ते काम बाकी.

"आणि कोणी किती केलं ते कसं कळणार?" मी विचारलं.

"कशाला कळायला हवं, वैनी?" तो ओरडला. "उरलंय काय तेवढं बघा!"

पुढे माझा नवरा तापाने पडला. कित्येक दिवस मी खिळ्याला हात लावला नाही, तरी दोन्ही वेळा ताट दारात आलं. नावांची भिंत असती तर ते मी परत पाठवलं असतं.

नवरा उठल्यावर मी भिंतीपाशी गेले. त्याने हाताने कळशी दाखवली.

"घ्या वैनी, नळ जाईल!"

बाकी काही विचारलं नाही. मी कळशी उचलली.